षटकारांचा हिशेब

भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडायला दहाच धावा हव्या होत्या. तेवढ्यात समोरचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, सामना सोडून संघासह परत निघाले. ही गोष्ट मराठी क्रिकेटवेड्यांनी एकमेकांना इतकी वेळा सांगितली आहे की ती आता दंतकथाच वाटते. त्या डावातली दुसरी एक गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्या ४४३ धावांत ४९ चौकार आहेत आणि षटकार एकच.

एक! आज आमच्या नांदेडकडच्या भोकरच्या टेनिस बॉल स्पर्धेत पहिल्या षटकात सिक्स आला नाही, तर माइकवरचा माणूस सलामीवीराची फिरकी घ्यायला लागतो. ‘‘दादा टेस्ट मॅच खेळायलेत काय?’’ दुसरं षटकही कोरडं गेलं तर मंडपातून शिट्ट्या सुरू होतात.

निंबाळकर पुण्यात खेळत होते तेव्हा भोकर, मुदखेड, हदगाव हा सगळा मुलूख निजामाच्या हातून सुटून जेमतेम तीन महिने झाले होते. इकडं क्रिकेट होतं ते हैदराबादेत, नवाबांच्या दरबारी चषकांत. तालुक्याच्या पोरांकडे बॅट कुठली? त्या ४४३ ची बातमी इथं कुणाला त्याच आठवड्यात कळली असेल असं वाटत नाही. मात्र तो एकुलता एक षटकार मला बरेच दिवस छळतोय, कारण तो नुसता निंबाळकरांच्या स्वभावाचा भाग नव्हता. आपल्याकडे षटकाराला फार काळ मान नव्हता आणि जिथं मान नसतो तिथं मोजदादही नसते.

मुंबईच्या मैदानांवर तर चेंडू हवेत मारणं हा सभ्यतेचा भंग समजला जायचा. चेंडू जमिनीवर ठेव, विकेट फेकू नकोस, गोलंदाजाला दमव. सुनील गावसकरांनी १२५ कसोटींत १०,१२२ धावा केल्या, त्यात षटकार २६. म्हणजे सरासरी पाच कसोटींत एक. आणि आपण गल्लीत काय खेळलो? भिंतीपलीकडे थेट गेला तर आऊट. वर ज्यानं मारला त्यानंच बॉल आणायचा, शेजारणीच्या शिव्याही त्यानंच खायच्या. मराठी माणसाचं षटकाराशी पहिलं नातं हे असं शिक्षेचं आहे.

तिकडं अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी उलटं केलं. त्यांच्याकडे चेंडू कुंपणापलीकडे गेला की होमरन. फलंदाज चारही तळांना फेरी मारून येतो आणि त्याच्या आधी तळांवर जितके भिडू उभे असतील तितकेही घरी येतात. एका फटक्यात एकापासून चार धावा. आणि हे होमरन त्यांनी पहिल्या दिवसापासून वहीत मांडले. १८७६ साली नॅशनल लीग सुरू झाली, त्या पहिल्या हंगामात सर्वाधिक होमरन फिलाडेल्फियाच्या जॉर्ज हॉलचे होते. किती? पाच. अख्ख्या हंगामात पाच. आकडा हसण्यासारखा आहे, पण दीडशे वर्षांनंतर मला भोकरात बसून तो सांगता येतो, हे महत्त्वाचं. १९२६ च्या आपल्या हंगामात सर्वाधिक षटकार कुणी मारले, असं मला विचारू नका.

मोजायला लागलं की भानगडीही सुरू होतात. १८८४ साली शिकागोच्या नेड विल्यमसनचे २७ होमरन झाले. लोक थक्क झाले. कारण असं की शिकागोचं मैदान एका बाजूला जेमतेम दोनशे फुटांचं होतं. आदल्या वर्षापर्यंत त्या कुंपणावरून गेलेला चेंडू दोन तळांचा धरत, त्या साली तो होमरन धरायचं ठरलं. सत्तावीसपैकी पंचवीस घरच्या मैदानावरचे! तरी तो आकडा तीस-पस्तीस वर्षं हंगामी विक्रम म्हणून टिकला. मधल्या काळात फ्रँक बेकर नावाच्या गड्याला लोकांनी ‘होमरन बेकर’ अशी पदवी दिली, आणि १९११ ते १९१४ या चार हंगामांत लीगमध्ये पहिला राहून त्यानं मारले किती, तर ११, १०, १२ आणि ९.

मग बेब रूथ आला. १९१९ मध्ये २९, पुढच्या वर्षी ५४, त्याच्या पुढच्या वर्षी ५९ आणि १९२७ मध्ये ६०. एकोणीसशे वीस साली अमेरिकन लीगमधल्या इतर सातपैकी एकाही संघाला, अख्ख्या संघाला, मिळूनसुद्धा ५४ मारता आले नाहीत. खेळच बदलला. आधी एकेक तळ चोरत, बंट करत म्हणजे चेंडू नुसता टेकवत, कंजूषपणे धावा जमवायचा हा खेळ होता. रूथनंतर लोक तिकीट काढू लागले ते चेंडू कुठं जाऊन पडतो हे बघायला.

आपल्याकडचा तो क्षण रूथच्या साठ होमरनच्या आदल्याच वर्षी आला होता. १ डिसेंबर १९२६, बॉम्बे जिमखाना. आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ हिंदूंविरुद्ध खेळत होता. त्यांच्या गाय अर्लनं आधी आठ षटकार ठोकून जिमखान्याच्या गोऱ्या साहेबांना खूश केलं होतं. मग नागपूरचे कर्नल सी. के. नायडू उतरले आणि त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या. षटकार ११. एक जिमखान्याच्या छपरावर. एमसीसीनं त्यांना चांदीची बॅट दिली. हिंदी लोकांना कसोटी खेळू द्यायला हरकत नाही हे मत लंडनमध्ये पक्कं व्हायला या डावाचा मोठा हातभार लागला आणि १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर पहिल्या कसोटीचे कप्तान नायडूच होते. अकरा षटकारांचं राजकारण एवढं लांब जातं.

आता एक इकडची गंमत. नायडूंचं घराणं तेलुगू, जन्म आणि शिक्षण नागपूरचं. शंभरेक वर्षांनी ज्यानं आंतरराष्ट्रीय षटकारांचा जागतिक विक्रम केला तो रोहित शर्माही नागपुरात, बनसोडला जन्मलेला, आईकडून तेलुगू. भोकरची हद्द ओलांडली की भैंसा, बासर. इथं बाजारात निम्मे सौदे तेलुगूत होतात. त्यामुळे आमच्याकडे एका चहाच्या टपरीवर हा सिद्धांत ठामपणे मांडला जातो की सिक्स मारायला घरात थोडी तेलुगू लागतेच. पुरावा म्हणून मला हा योगायोग कच्चा वाटतो, पण टपरीवर पुराव्यानं बोलायचं नसतं.

रोहितचे आकडे सांगायचे तर दमायला होतं. २०१७ मध्ये भारतासाठी ६५ षटकार, २०१८ मध्ये ७४, २०१९ मध्ये ७८. त्याच २०१९ मध्ये विशाखापट्टणमच्या एका कसोटीत १३. ऑक्टोबर २०२३ मध्ये दिल्लीत अफगाणिस्तानविरुद्ध त्यानं ख्रिस गेलचा ५५३ आंतरराष्ट्रीय षटकारांचा आकडा मागे टाकला आणि त्याच विश्वचषकात ३१ मारले. नोव्हेंबर २०२५ मध्ये रांचीत शाहिद आफ्रिदीचा ३५१ एकदिवसीय षटकारांचा विक्रमही गेला. आयपीएलमध्ये तीनशे षटकारांचा टप्पा गाठणारा तो पहिला भारतीय. आणि तरी आयपीएलच्या एकाही हंगामात सर्वाधिक षटकारांच्या यादीत तो पहिला नाही! बेसबॉलमध्ये हँक आरन असाच. कारकिर्दीत ७५५ होमरन, पण एका हंगामात पन्नास कधीच नाहीत, सर्वांत जास्त ४७. वर्षानुवर्षं संथ लयीत वही भरत राहणारी ही माणसं. मला स्वतःला एका उन्हाळ्यात पेटणाऱ्यांपेक्षा ही जात जास्त आवडते.

पेटणाऱ्यांची यादीही आता आपल्याकडे आहे, कारण आयपीएलनं ती पहिल्या दिवसापासून ठेवली. २००८ च्या पहिल्या हंगामात सनथ जयसूर्या ३१ षटकारांसह पहिला. त्यातले ११ एकाच डावात, वानखेडेवर चेन्नईविरुद्ध. जिथं नायडूंनी अकरा मारले ते जिमखान्याचं मैदान तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढं गिलख्रिस्ट, उथप्पा, आणि २०११ पासून गेल नावाचं वादळ: ४४, ५९, ५१. यातल्या २०१३ च्या एका दुपारी त्यानं नाबाद १७५ केल्या, षटकार सतरा. समोर संघ होता पुणे वॉरियर्स. महाराष्ट्राचं नाव विक्रमात असं गोलंदाजी करणाऱ्या बाजूनं लागलं. २०१९ मध्ये रसेलचे ५२, २०२२ मध्ये बटलरचे ४५, २०२४ मध्ये अभिषेक शर्माचे ४२, २०२५ मध्ये पूरनचे ४०. गेलचे ५९ मात्र २०२५ पर्यंत जागच्या जागी होते.

ॲरन जजला २०२२ मध्ये ६२ होमरन मारायला १५७ सामने लागले, गेलला ५९ षटकारांना पंधरा सामने. यावरून क्रिकेट सोपं म्हणायचं का? तसं नाही. क्रिकेटची सीमा कमीत कमी पासष्ट यार्ड, म्हणजे साठ मीटरच्या आत-बाहेर चालते. बेसबॉलच्या मैदानात मधल्या बाजूचं कुंपण चारशे फूट, सव्वाशे मीटरच्या घरात. शिवाय तिथं चेंडू टप्पा न पडता दीडशे किलोमीटरच्या वेगानं येतो आणि दांडा गोल असतो. आपली बॅट सपाट आणि रुंद, हल्ली तर कडेला ओंडक्यासारखी जाड. इतकी जाड, की २०१७ मध्ये एमसीसीला कडेची जाडी चाळीस मिलिमीटरच्या पुढं नको असा नियम करावा लागला. पहिल्या आयपीएलमध्ये सगळे मिळून साडेसहाशेच्या आत षटकार होते, २०२४ मध्ये बाराशेच्या वर. सामने वाढले हे खरं, पण एका सामन्यामागचा आकडाही दहा-अकरावरून सतरा-अठरावर गेला. पुरवठा इतका वाढला की भाव उतरतो, हे सोयाबीनवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता भोकर.

इथला हंगाम सोयाबीन निघाल्यावर सुरू होतो. रान मोकळं झालं, तुरी-कापसाच्या पट्ट्या सोडून मधली पडीक जागा सापडली, की रोलर फिरतो, फक्कीनं रेषा पडतात, मंडप ठोकला जातो, भोंगा लागतो. प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, भीमजयंती, पुढाऱ्याचा वाढदिवस, निमित्त काहीही चालतं. बक्षिसाची रक्कम फलकावर पुढाऱ्याच्या फोटोपेक्षा लहान अक्षरात असते. टीम मुदखेड, उमरी, हिमायतनगरहून येतात, तेलंगणातून येतात. समालोचन मराठीत सुरू होतं, दुसऱ्या वाक्याला हिंदीत जातं आणि चेंडू हवेत गेला की उर्दूत.

मी ज्या खेळाडूला गाठलं तो जिनिंगवर हमाली करतो. वय तिशीच्या पुढं, दंड कापसाच्या गाठी उचलून तयार झालेले. बॅट टेनिसची, पाठीमागून खोलगट कोरलेली, म्हणजे वजन कमी आणि कडा जाड. हँडलवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला. खालचा हात इतका घट्ट, की प्रशिक्षकांनी पाहिला तर डोक्याला हात लावतील. टेनिसचा चेंडू हलका, तो वेळेवर नुसता ढकलून जात नाही, त्याला मनगटानं वर उचलून फेकावं लागतं. तो पुढचा पाय बाजूला टाकतो, गुडघा किंचित वाकवतो आणि यॉर्कर पडायच्या आत बॅट खालून वर आणतो. आवाज ‘टक्’ असा येत नाही, ‘भप्प’ असा येतो. चेंडू तुरीत.

मग सामना थांबतो. चार-पाच पोरं तुरीत शिरतात. शेतमालक बांधावरून ओरडतो. चेंडू सापडेपर्यंत फलंदाज बॅटवर रेलून उभा राहतो आणि समालोचक त्या वेळात प्रायोजकांची नावं वाचून घेतो. लहान बाजूला विजेच्या तारा आहेत. त्या बाजूनं कितीही उंच गेला तरी चारच धावा, असा इथला करार आहे, आणि तारेला लागला तर तो चेंडू धरायचाच नाही. नेड विल्यमसनच्या शिकागोत हा करार असता तर त्याचे पंचवीस होमरन चौकारांत गेले असते.

‘‘आतापर्यंत किती मारले असतील?’’ मी विचारलं.

‘‘म्या कुठं मोजाव सर,’’ तो म्हणाला, ‘‘पोरं मोजायलेत. मला फकस्त हरलेल्या मॅची ध्यानात हाइत.’’

अमेरिकेत चेंडू प्रेक्षकात गेला की तो प्रेक्षकाचा. शोहेई ओहतानीनं सप्टेंबर २०२४ मध्ये हंगामातला पन्नासावा होमरन मारला. त्याच हंगामात त्यानं पन्नासहून अधिक तळही चोरले होते. तो चेंडू पुढच्याच महिन्यात लिलावात ४३ लाख ९२ हजार डॉलरला गेला. त्यावरून कोर्टकचेरीही झाली. बोस्टनच्या फेनवे पार्कात हिरव्या खुर्च्यांच्या गर्दीत एकच लाल खुर्ची आहे. १९४६ मध्ये टेड विल्यम्सचा ५०२ फुटांचा होमरन तिथं येऊन पडला म्हणून. आपल्याकडे वानखेडेवर धोनीचा २०११ च्या अंतिम सामन्यातला षटकार जिथं पडला त्या खुर्च्यांचं असं स्मारक झालं, पण त्याला बारा वर्षं लागली. आणि चेंडू मात्र आपल्याकडे परत द्यावाच लागतो, वानखेडेवरही आणि तुरीतूनही.

मधल्या काळात मराठी मुलखातल्या फलंदाजांनी काही विलक्षण षटकं गाजवली. रवी शास्त्रीचं सगळ्यांना ठाऊक आहे: १० जानेवारी १९८५, वानखेडे, बडोद्याचा तिलक राज, सहा चेंडू सहा षटकार. सोबर्सनंतर पहिलाच. त्याच डावात ११३ मिनिटांत द्विशतक, षटकार तेरा. हे ज्यानं केलं तो फलंदाज काहीच दिवस आधी कोलकात्याच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध इतक्या संथपणे शतक काढत होता की प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. म्हणजे अंगात ते होतंच, मुंबईच्या शाळेनं झाकून ठेवायला शिकवलं होतं. ऋतुराज गायकवाडच्या पिढीला झाकायचं कारणच उरलं नाही. २८ नोव्हेंबर २०२२ ला अहमदाबादेत विजय हजारे करंडकात उत्तर प्रदेशच्या शिवा सिंगला त्यानं एका षटकात सात षटकार मारले, कारण एक नोबॉल होता. षटकाच्या ४३ धावा, स्वतःच्या नाबाद २२०, षटकार सोळा. निंबाळकरांच्याच महाराष्ट्राच्या संघाकडून.

पण हंगामाच्या यादीत सर्वांत वर नाव, हा जो प्रकार बेसबॉलवाले डोक्यावर घेतात, त्याचं आपलं अस्सल उदाहरण मला पुरुषांत सापडत नाही. ते सापडतं सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावात. किरण नवगिरे. शेतकऱ्याची मुलगी, आधी मैदानी खेळांतली: गोळाफेक, भालाफेक, रिले. २०११ ची ती अंतिम लढत पाहून धोनी मनात बसला. क्रिकेटला उशिरा लागली आणि एप्रिल २०२२ मध्ये सीनियर महिला टी-ट्वेंटी स्पर्धेत पाहुणी खेळाडू म्हणून नागालँडकडून खेळत होती. अरुणाचलविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२, षटकार सोळा. टी-ट्वेंटीत दीडशे ओलांडणारी ती पहिली भारतीय, पुरुष धरूनसुद्धा. अख्ख्या स्पर्धेत सात डावांत ५२५ धावा आणि ३५ षटकार.

पस्तीस! त्या आकड्याला लगेच शेपूट लागलं. ‘‘हो, पण अरुणाचलची बोलिंग.’’ हे शेपूट बेसबॉलमध्ये फार जुनं आहे. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसनं रूथचे साठ ओलांडून ६१ होमरन मारले, तेव्हा आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केलं होतं की रूथच्या वेळी हंगाम १५४ सामन्यांचा होता, आता १६२ चा आहे, तेव्हा १५४ सामन्यांत झाला नाही तर हा विक्रम वेगळा लिहायचा. मॅरिसच्या आकड्याला चिकटलेली ही टीप काढायला १९९१ उजाडलं. तोवर मॅरिस वारला होता. पुढं १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरनं ७० आणि २००१ मध्ये बॅरी बाँड्‌सनं ७३ मारले, तेव्हा टीप लावायला खरं कारण होतं. मॅग्वायरनं उत्तेजकं घेतल्याचं २०१० मध्ये स्वतःच कबूल केलं. ते आकडे मात्र वहीत बिनबोभाट बसलेले आहेत.

किरणनं शेपूट तोडायला फार वेळ घेतला नाही. मे २०२२, गहुंजे, महिलांचं टी-ट्वेंटी चॅलेंज, समोर देशातल्या आणि परदेशातल्या निवडक गोलंदाज. पंचवीस चेंडूंत अर्धशतक, ३४ चेंडूंत ६९. सप्टेंबरात भारताची टोपी. २०२३ मध्ये डब्ल्यूपीएलच्या पहिल्याच हंगामात ती उतरली तेव्हा बॅटवर कंपनीचं स्टिकर नव्हतं, पेननं ‘एमएसडी ०७’ लिहिलेलं होतं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात, आता महाराष्ट्राकडून, पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक: महिला टी-ट्वेंटीतलं जगातलं सर्वांत वेगवान. त्याच महिन्यात सांगलीची स्मृती मानधना एका वर्षातल्या सर्वाधिक एकदिवसीय षटकारांचा लिझेल लीचा २८ चा आकडा मागे टाकत होती. मराठी क्रिकेटमध्ये षटकारांच्या याद्या सध्या बायका लिहितायत. पुरुषांच्या क्रिकेटवर चार पानं खर्च करणाऱ्या आमच्या वर्तमानपत्रांना हे अजून नीट उमगलेलं नाही.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर गाडी हळूहळू वेग धरतेय. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरनं २०२२ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात आयर्लंडविरुद्ध १७ चेंडूंत नाबाद ३९ केल्या, षटकार पाच. बीडच्या सचिन धसनं दोन वर्षांनी त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, बेनोनीला, ४ बाद ३२ वरून संघ सावरत ९६ काढल्या. त्याच्याबद्दल वर्तमानपत्रांत एक किस्सा आला होता: पुण्यातल्या एका स्पर्धेत त्यानं इतके लांब षटकार मारले की आयोजकांनी त्याची बॅट तपासायला घेतली. बीडच्या पोरानं इतकं लांब मारलं म्हणजे बॅटमध्येच काहीतरी असणार! सॅमी सोसाची बॅट २००३ मध्ये मोडली तेव्हा आत खरंच बूच निघालं होतं. सचिनच्या बॅटमध्ये लाकूडच होतं. शेजारच्या सोलापूरच्या अर्शीन कुलकर्णीनं २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ५४ चेंडूंत ११७ केल्या, चौकार तीन आणि षटकार तेरा. हे प्रमाण निंबाळकरांना दाखवलं असतं तर ते काय म्हणाले असते कोण जाणे.

नांदेड मात्र अजून या यादीत नाही. भोकरहून नांदेड पन्नासेक किलोमीटर, पण निवड चाचणी, शिबिर, सामने सगळं पुण्याकडे. रात्रभराची ट्रॅव्हल्स, सकाळी थेट मैदान. लेदर बॉलचा किट घ्यायचा म्हणजे एखाद्या घराचा हंगाम जातो. म्हणून शाळेतली हुशार पोरं भलतीकडे वळतात. शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल आहेत. संघ कमी, त्यामुळे विभागापर्यंत, राज्यापर्यंत मजल मारायची शक्यता जास्त. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. मराठवाड्यातल्या कितीतरी मुलामुलींना होमरन म्हणजे काय हे टीव्हीमुळे कळलेलं नाही, प्रमाणपत्रामुळे कळलं आहे. यात नाक मुरडण्यासारखं मला काही दिसत नाही. बेब रूथला खेळाचं प्रेम होतंच, पण त्याला पगारही राष्ट्राध्यक्षांहून जास्त होता.

वहीत कुणाचे आकडे येतात याचा सगळ्यात बोचरा दाखला मात्र जॉश गिब्सनचा. हा काळा यष्टिरक्षक. गोऱ्यांच्या लीगमध्ये त्याला मज्जाव होता, म्हणून तो निग्रो लीगमध्ये आणि गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांत खेळला. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या फलकावर ‘जवळजवळ आठशे होमरन’ अशा अर्थाचा मजकूर आहे. जॅकी रॉबिन्सननं १५ एप्रिल १९४७ ला वर्णभेदाची भिंत पाडली. गिब्सन त्याच जानेवारीत, पस्तिशीत, वारला होता. मे २०२४ मध्ये मेजर लीगनं निग्रो लीगचे आकडे अधिकृत वहीत घेतले तेव्हा गिब्सन सरासरीच्या यादीत सर्वांच्या वर गेला. त्याचे अधिकृत होमरन मात्र दोनशेच्याही आत. बाकीचे सहाशे कुठं गेले? ज्या सामन्यांना स्कोअरर नव्हता, जे वर्तमानपत्रात छापून आले नाहीत, जे ‘लीगचे’ धरता येत नाहीत, त्यात.

भोकरच्या मंडपात आता स्कोअरर आहे. बारावीतलं पोरगं, हातात मोबाइल, चार्जिंगची वायर जनरेटरकडे गेलेली. प्रत्येक चेंडू ॲपवर चढतो. मुंबईत नोकरीला असलेला गावचा माणूस लोकलमध्ये उभ्या उभ्या बघतो की आपल्या टीमला किती हवेत. स्पर्धा संपल्या संपल्या यादी तयार: धावा, बळी, चौकार, षटकार. सर्वाधिक षटकारवाल्याला वेगळं बक्षीस, गेल्या खेपेला भिंतीवरचं घड्याळ होतं. मार्च २०२४ मध्ये ठाण्यात टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हापासून या याद्यांना इथं भलताच मान आलाय. पोरं आपला आकडा फोटो काढून स्टेटसला ठेवतात. निवड करणारा कुणीतरी बघेल, ही आशा. खोटी आहे असं म्हणवत नाही, खरी आहे असं सांगवत नाही.

जिनिंगवाल्या गड्याचे आकडे मी त्या पोराला काढायला सांगितले. त्यानं नाव टाकून शोधलं. तीन खाती निघाली, एकाच माणसाची, तीन वेगवेगळ्या स्पर्धांतली, आडनावाचं स्पेलिंग तिन्हीकडे निराळं. एकात अकरा षटकार, एकात चार, एकात नुसतंच नाव. ‘‘आणि गेल्या वर्षीचे?’’ मी म्हणालो. गेल्या वर्षी तर त्यानं सगळ्या तालुक्यात धुमाकूळ घातला होता.

पोरानं बराच वेळ स्क्रीन वरखाली केली. मग हसायला लागलं. ॲपला मोबाइल नंबर लागतो. या गड्याकडे स्वतःचा फोन नाही, म्हणून गेल्या वर्षी कुणीतरी त्याच्या भाच्याचा नंबर टाकला होता. त्यामुळे तालुक्यात सर्वाधिक षटकार सध्या भाच्याच्या नावावर आहेत. भाचा अकराव्या नंबरला येतो आणि त्याचा मामा सांगतो त्याप्रमाणे त्यानं आयुष्यात एकदाच बॅट फिरवली होती, तीही रनआऊट होताना.